लाकडी लाँचच्या तळात दरवर्षी दिवाळीपासून पाणी: ग्लॅंड आवळण्याआधी हे तपासा

तक्रार अशी. धरणाच्या फुगवट्यात चालणारी जुनी लाकडी लाँच. मे महिन्यात काठावर ओढून तिची दुरुस्ती होते, पावसाळ्यात ती पाण्यात उतरते आणि दीड-दोन महिने तळ कोरडा ठणठणीत राहतो. नवरात्राच्या आसपास शाफ्टच्या ग्लॅंडमधून (पंखा फिरवणारा दांडा जिथे लाँचमधून बाहेर जातो, तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून) ठिबक वाढायला लागते, दिवाळीला बादलीने पाणी उपसावं लागतं आणि पौषात ग्लॅंडवर हात ठेवला तर चटका बसतो. आवळली की चार दिवस थांबतं, मग पुन्हा सुरू. सलग चार वर्षं हेच चाललं होतं. पाचव्या वर्षी कारण सापडलं. ते ग्लॅंडमध्ये नव्हतंच.

मी नाशिकला अंबडमध्ये लेथ चालवतो आणि डिझेल इंजिनांची कामं घेतो. लाँच नानांची. नाना म्हणजे आमच्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ. शहराच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, एका धरणाच्या पाण्यावर त्यांनी आयुष्य काढलं. आपल्या जिल्ह्यात धरणं थोडीथोडकी नाहीत. दारणा 1916 चं, गंगापूर 1965 साली पूर्ण झालं. प्रत्येक धरण भरलं तेव्हा कुणाचं गाव एका काठाला राहिलं तर शेत किंवा बाजार दुसऱ्या काठाला गेला. नानांची लाँच अशाच दोन काठांमध्ये फिरते. सकाळची पहिली फेरी पलीकडच्या एसटीच्या वेळेला जुळवलेली. त्या फेरीत शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं असतात. रस्त्याने वळसा घालून जायचं तर तासाच्या वर वेळ मोडतो.

लाँच सागवानी, 38 फूट लांब, कोकणात बांधलेली. वय पन्नाशीच्या पुढे. खाडीत प्रवासी वाहून झाल्यावर ट्रेलरवर चढून कसारा घाटाने वर आली. इंजिन चार सिलिंडरचं डिझेल, त्याला गिअरबॉक्स, गिअरबॉक्सला पाच इंची कपलिंग (बोल्टने जोडलेल्या दोन चकत्या), तिथून पावणेदोन इंची शाफ्ट तळातल्या नळीतून मागे पंख्यापर्यंत. शाफ्ट जिथे लाँचच्या अंगातून बाहेर पडतो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून ग्लॅंड. विहिरीवरच्या जुन्या पंपाला असते तशीच. दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. शाफ्टभोवती चरबी मुरवलेल्या दोरीचे वेढे आणि ते दाबून धरणारं बुश, दोन नटांवर.

आमची पहिली चूक याच ओळखीतून झाली. पंपाची ग्लॅंड गळली की आपण पान्याने दोन आटे आवळतो आणि मोकळे होतो. लाँचचंही तेच केलं. पण पंप काँक्रीटच्या पायावर बसलेला असतो, तो वाकत नाही. लाँच वाकते. हे वाक्य मला चार वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर एक शाफ्ट वाचला असता.

दुसरी चूक जास्त महागात पडली. तिसऱ्या वर्षी आम्ही तळात बॅटरीवरचा पंप बसवला. पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो, पंप आपोआप चालू होतो. नाना खूश, मीही खूश, कारण तळ कोरडा दिसायला लागला. खरं तर ठिबकेची धार झाली होती आणि पंप ती गुपचूप बाहेर टाकत होता. सलग दोन दिवस लाँच बंद राहिली, बॅटरी उतरली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे नाना गेले तर पाणी फ्लायव्हीलला लागलेलं. स्टार्टर भिजला. गिअरबॉक्सचं तेल चहासारखं दुधाळ झालं. आठ दिवस फेरी बंद पडली, पोरांची शाळा बुडाली. माणसं बसलेली असताना हे घडलं नाही, एवढंच त्यातलं बरं. तळात मोकळं पाणी खेळत असेल तर लाँच जरा कलली की ते सगळं त्याच बाजूला धावतं आणि कलणं वाढवतं. भरलेल्या लाँचमध्ये वीतभर पाणी ही साधी गोष्ट नाही.

पंप जरूर ठेवा, पण त्यावर तास मोजणारं मीटर लावा किंवा निदान एक दिवा लावा, म्हणजे तो दिवसातून किती वेळा चालतो ते कळेल. आणि एक कळकळीचं सांगणं: इंजिनाखाली पत्र्याचा तेलट्रे असल्याशिवाय असा पंप लावू नका. तळातलं तेलकट पाणी तो सरळ धरणात ओततो, आणि तेच पाणी पुढे कुणाच्या तरी नळाला जातं. आम्ही ट्रे बसवला आणि तळ धुतलेलं पाणी आता ड्रममध्ये भरून काठावर आणतो.

आता तपासणी. पाणी येतंय कुठून, हे आधी नक्की करा. समुद्रावर हाताचं बोट ओलं करून चाटलं की पाणी आभाळाचं की खालचं ते कळतं. इथे सगळंच गोडं, जिभेचा उपयोग नाही. आम्ही तळ फडक्याने कोरडा पुसला, ग्लॅंडच्या मागेपुढे आणि फळ्यांच्या सांध्यांखाली जुने वर्तमानपत्राचे कागद पसरले आणि रात्रभर लाँच उभी ठेवली. सकाळी फळ्यांखालचे कागद कोरडे, ग्लॅंडखालचा एक कागद बशीएवढा ओला. मग मोकळी लाँच अर्धा तास चालवली, ग्लॅंडखालचे सगळे कागद भिजले. उभी असताना थेंब आणि चालताना धार, तर नुसत्या दोरीला दोष देऊ नका. फिरणारा शाफ्ट दोरीला एका बाजूने झोडपतोय असा संशय घ्या. फळ्यांखाली ओल निघाली असती तर काम सुताराचं होतं, सांध्यात कापसाची वात ठोकून वरून भरणं. ग्लॅंडला नळीशी जोडणारा रबरी होजही याच वेळी वाकवून बघा. त्याला बारीक चिरा दिसल्या तर बाकी सगळं सोडून आधी तो बदला, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅंप लावून. ठिबक तुम्हाला महिनाभर वेळ देते, फाटलेला होज पाच मिनिटंही देत नाही.

दुसरं, दोरी काढून बघा. लाँच पाण्यात असताना काढणार असाल तर बाहेरून नळीचं तोंड फडक्याने घट्ट बांधून घ्या आणि बादली घेऊन एक माणूस शेजारी बसवा. इंजिन बंद, चावी खिशात. गळ्यातलं उपरणं काढून ठेवा. आमच्या ग्लॅंडमधून दोरीचे पाच वेढे निघाले, मुळात जागा चार वेढ्यांची! दरवर्षी आतले जुने न काढता वर नवे कोंबले गेले होते. आतले दोन दगडासारखे काळे पडले होते. पण खरी गोष्ट पुढे आहे. मी वेढे ज्या क्रमाने निघाले तसे फळीवर मांडले आणि प्रत्येकाची वरची बाजू खडूने खुणावली. सगळे वेढे एकाच अंगाला चेपलेले, समोरच्या अंगाला जाडजूड. दोरी नुसती जुनी झाली असती तर ती सगळीकडून सारखी झिजली असती. ही एका बाजूने खाल्लेली होती. चार वर्षं हा पुरावा माझ्या हातात येत होता आणि मी तो चिंधीत गुंडाळून फेकत होतो.

त्याच ठिकाणी शाफ्टवर नख फिरवलं तर खाच लागली. जास्त आवळलेली कोरडी दोरी स्टीलसुद्धा खाते. खाच पडली की नवी दोरी कितीही चांगली असो, ती महिन्याभरात फाटते.

तिसरं, मागचं बेअरिंग. पंख्याच्या पुढे शाफ्टला आधार देणारं रबरी बेअरिंग असतं. त्याला आतून उभ्या खाचा असतात आणि पाणी हेच त्याचं वंगण. पहिल्या पुराचं लाल गढूळ पाणी त्याला पॉलिश पेपरसारखं घासतं. त्यात मासेमारीच्या नायलॉन जाळ्याचा तुकडा किंवा पाणवेलीचा गुंता शाफ्टवर चढला तर काम आणखी लवकर संपतं. पंखा धरून वरखाली हलवा. टकटक आवाज आला तर बेअरिंग गेलं. आमचं गेलं होतं, बदललं. मला वाटलं सुटलो. पण बेअरिंग एकाच बाजूने का झिजलं, या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही मिळालं नव्हतं. तीही चेपलेल्या दोरीसारखीच खूण होती.

म्हणून चौथं, कपलिंग. इथे सावकाश वाचा, कारण सगळा घोळ इथे आहे.

गिअरबॉक्सची चकती आणि शाफ्टची चकती एकमेकींना समोरासमोर, अगदी सपाट भेटायला हव्यात. त्यांचे चार बोल्ट काढा, चकत्या किंचित दूर करा आणि फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी. सर्वात मोठी आणि सर्वात लहान फट यांतला फरक चकतीच्या दर इंचाला एक थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा) जास्त नको. आमची चकती पाच इंची, म्हणजे फरक पाच थाऊच्या आत, मिलिमीटरचा आठवा हिस्सा धरा.

बोल्ट काढल्यावर शाफ्टचं मोकळं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं आणि माप खोटं येतं. ते टोक स्प्रिंगच्या काट्याला टांगून उचलून धरा. किती? पूर्ण चकतीचं वजन आणि नळीपासून चकतीपर्यंत अधांतरी असलेल्या शाफ्टचं निम्मं वजन, इतका काटा दिसेपर्यंत. हे मी आधी कधीच करत नव्हतो.

फट मोठी निघाली तर लगेच इंजिन हलवू नका. गिअरबॉक्सची चकती तशीच ठेवून नुसता शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मापा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरून खाली आली तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याची चकती तिरकी बसलीय, तो लेथवर न्या. मोठी फट होती तिथेच राहिली तर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत.

मी दर मे महिन्यात ही मापं घेत होतो आणि दरवर्षी ती उत्तम येत होती. तीन थाऊ. मी छाती फुगवून सांगायचो की अलाइनमेंट माझ्यावर सोडा. पाचव्या वर्षी, कार्तिकात, नानाच म्हणाले, "मिस्त्री, तू दर खेपेला तिला जमिनीवर मापतोस. ती चालती कुठं?"

लाँच पाण्यावर असतानाच बोल्ट काढले. वर 24 थाऊ, खाली 6. दोन्ही बाजूंना साधारण 15. शाफ्ट अर्धा फिरवला तरी मोठी फट वरच.

असं का होतं ते सांगतो. काठावर लाँच कण्यावर, चार ठोकळ्यांवर बसलेली असते आणि तिचं वजन त्या चार जागांवर जातं. पाण्यात तसं नसतं. मधला फुगीर भाग भरपूर पाणी बाजूला सारतो म्हणून त्याला खालून जोर मिळतो. पुढची नाळ आणि मागचं टोक निमुळतं, तिथे जोर कमी आणि वजन तेवढंच. त्यामुळे दोन्ही टोकं ओणवतात, मधला भाग वर राहतो. नव्या ताठ होडीत हे जाणवत नाही, पन्नास वर्षांच्या होडीत जाणवतं. शिवाय मे महिन्याच्या उन्हात फळ्या आटून सांधे सैल होतात आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा फुगून घट्ट होईपर्यंत होडी रोज थोडी थोडी आकार बदलत राहते. मागचं टोक ओणवलं की त्याच्याबरोबर शाफ्टची नळीही ओणवते, शाफ्टची रेषा बदलते आणि इंजिन मात्र जमिनीवर ठरवलेल्या रेषेतच राहतं. मग बोल्ट आवळून आपण दोन्ही चकत्यांना जबरदस्तीने चिकटवतो आणि शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकत फिरतो. तो ताण जातो कुठे? ग्लॅंडच्या दोरीवर आणि मागच्या बेअरिंगवर.

पौषात तक्रार का वाढायची तेही तेव्हा लक्षात आलं. आपल्याकडची थंडी माहीत आहे. पहाटेच्या फेरीला सगळी माणसं मागे, इंजिनाच्या पेटीला चिकटून बसायची, ऊब मिळते म्हणून. पुढचे बाक रिकामे, मागचं टोक आणखी खाली. आम्ही एकदा मुद्दाम बारा माणसं मागे बसवून मापलं. वरची फट आणखी 4 थाऊ उघडली. त्या दिवसापासून नानांनी पेटीवर घोंगडी टाकली आणि निम्मी माणसं पुढे बसवायला लागले. पोरं कुरकुरली, ऐकली.

दुरुस्ती मग सरळ होती. फट वर मोठी, म्हणजे इंजिनाचं पुढचं तोंड उचलायचं. किती उचलायचं याचा अंदाज करत बसू नका, हिशेब आहे. फटीतला फरक भागिले चकतीचा व्यास, गुणिले पुढच्या आणि मागच्या माउंटमधलं, म्हणजे इंजिनाच्या पायांमधलं अंतर. आमचा फरक 18 थाऊ, व्यास 5 इंच, अंतर 30 इंच. 108 थाऊ, म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. जवळपास एक सूत. एवढ्या जाडीच्या पितळी पत्र्या पुढच्या दोन्ही माउंटखाली घातल्या. तोंड उचललं की मागची बाजूही जरा सरकते, म्हणून दोन्ही चकत्यांच्या कडा एका पातळीत येतात का हे पट्टी लावून पुन्हा बघायचं. आम्हाला तीन वेळा पत्र्या काढघाल करावी लागली, सगळा दिवस गेला. शेवटी 4 थाऊवर आणलं, माणसं बसलेली असताना.

माउंट सोडले तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. एका पायाखाली पितळेच्या जागी टायरचा तुकडा होता आणि इंजिनाखालची लाकडी बैठक तेल पिऊन इतकी मऊ झाली होती की स्क्रू ड्रायव्हर बोटभर आत गेला. अशा लाकडात बोल्ट कितीही आवळा, आठवड्याने ढिला. तेवढा तुकडा कापून नवं सागवान बसवलं आणि बोल्ट आरपार घेतले, खाली पोलादी पट्टी देऊन. हे केलं नसतं तर पत्र्यांचा सगळा हिशेब वाया गेला असता.

शाफ्ट नवाच केला. खाच वेल्डिंगने भरून टर्निंग करून देतो असं मला दोघांनी सांगितलं. प्रवासी होडीला मी ते करणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि भेग कुठे दडून बसेल ते दिसत नाही.

दोरी भरताना जुने सगळे वेढे काढा, अगदी शेवटचासुद्धा, टॉर्च लावून आत बघा. दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून एकच लांब तुकडा भरू नका, पाणी त्याच वाटेने आत येतं. शाफ्टच्याच जाडीच्या गजावर गुंडाळून तिरका काप देऊन वेगवेगळे वेढे कापा. प्रत्येकाचा सांधा आधीच्यापासून तिसरा हिस्सा फेरा सरकवून बसवा. दोन्ही नट आधी हातानेच बसवा. इंजिन पंधरा मिनिटं गिअरमध्ये चालवा, मग दोन्ही नट सारखेच, आट्याचा आठवा हिस्सा फिरवा आणि पुन्हा पंधरा मिनिटं थांबा. चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडू द्या, उभी असताना थांबले पाहिजेत किंवा जवळपास थांबले पाहिजेत. चालताना पूर्ण कोरडी ग्लॅंड बघून खूश होऊ नका. ते थेंबच दोरीला गार ठेवतात. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर ग्लॅंडवर तळहात निवांत ठेवता आला पाहिजे. (या जुन्या दोरीच्या ग्लॅंडबद्दलच बोलतोय. न ठिबकणारे नवे सील येतात, त्यांचा हिशेब वेगळा.)

नानांनी सुकाणूच्या शेजारी एक वही टांगली. रोज शेवटच्या फेरीला, इंजिन चालू असताना, घड्याळ लावून मिनिटाचे थेंब मोजून लिहायचे. नानांना दिसायला त्रास होतो म्हणून नातू मोजतो. कार्तिकात 3. पौषात 3. जायकवाडीसाठी वरून पाणी सुटलं, पातळी उतरली, उतरायची जागा खाली सरकली आणि एक दिवस लाँच चिखलात घासली. त्या दिवशी 7. लगेच तपासलं तर पंख्याजवळ जाळ्याचा गुंता. काढल्यावर पुन्हा 3. पंपाच्या मीटरचा काटा महिनाभरात हललाच नाही म्हटलं तरी चालेल.

आता मे महिन्याची पद्धत बदलली आहे. लाँच काठावर ओढण्याआधी, ती पाण्यात असतानाच, कपलिंगचे चारही बोल्ट काढतो, म्हणजे ओढताना आणि ठोकळ्यांवर होडी वाकली तरी शाफ्टवर जोर येत नाही. काठावर रंग, फळ्यांचे सांधे, मागचं बेअरिंग, पंखा एवढंच बघतो. इंजिनाच्या पायांना हात लावत नाही. गोदेला पूर येऊन नाशिकच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाना समजतात, वरची धरणं भरत आली, लाँच ढकलायची वेळ झाली. ती पाण्यात उतरली की बोल्ट नुसते हाताने लावून, अगदी कमी वेगाने, माणसं न घेता काठाकाठाने बांधायच्या जागी नेतो आणि पुन्हा सोडवतो. फळ्या फुगून बसायला पंधरा दिवस देतो. तेवढे दिवस फेरी बंद राहते, त्याबद्दल गावात आधी सांगून ठेवलेलं असतं. पंधरा दिवसांनी डिझेल भरून, माणसं बसवून फट मापतो आणि मगच बोल्ट आवळतो. महिन्याने पुन्हा एकदा बघतो. गेल्या खेपेला त्या महिन्यात 3 थाऊ सरकलं होतं, एक पातळ पत्री काढावी लागली.

चार बोल्ट नानांच्या घरी, फडताळात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात. डब्याच्या झाकणावर नातवाने खडूने लिहिलंय: पाण्यात उतरल्यावर पंधरा दिवस उघडू नये.